माईक घेतला, लाईट घेतला, व्हिडिओ मात्र होत नाही

प्रश्न विचारणाऱ्या दादांचं म्हणणं थोडक्यात असं. तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं दुकान, वय 41, हाताखाली दोन पोरं. यूट्यूबवर व्हिडिओ करायचं दोन वर्षांपासून मनात आहे. कॉलर माईक आणला, रिंग लाईट आणला, त्यालाही तीन महिने झाले आणि दोन्ही कपाटावर धूळ खात आहेत. मग त्यांनी विचारलंय, बाकीच्यांना सुरुवात करायची प्रेरणा मिळते तरी कुठून? त्यांच्यात असं काय असतं जे माझ्यात नाही? आणि जाता जाता शेवटी एक वाक्य टाकलंय : "गिऱ्हाइकांना दिवसभर तेच तेच सांगून तोंड दुखतं, व्हिडिओला त्राण कुठून आणू?"

या शेवटच्या वाक्याकडे मी मुद्दाम उशिरा येणार आहे.

मी मूळचा लग्नाचा शूटिंगवाला. कराडच्या आजूबाजूला हळदीपासून पाठवणीपर्यंत कॅमेरा घेऊन धावण्यात माझी बारा वर्षं गेली. 2020 च्या मार्चमध्ये ऐन सीझनच्या तोंडावर लग्नं बंद पडली. घेतलेले अ‍ॅडव्हान्स परत करत बसलो होतो, तेव्हापासून लोकांची चॅनेल सुरू करून द्यायच्या कामात शिरलो. पहिले चार-पाच व्हिडिओ शूट करून द्यायचे, घरातल्या कुणाला तरी एडिटिंग शिकवायचं आणि बाजूला व्हायचं, असं माझं काम. आतापर्यंत 70 च्या आसपास चॅनेलांचा नारळ माझ्या समोर फुटला असेल. त्यातली निम्म्याहून जास्त आज बंद आहेत, हेही आत्ताच सांगून टाकतो.

आता प्रेरणेचं. माणूस नावारूपाला आला की मुलाखतीत सांगतो, "मला लहानपणापासून आवड होती." खोटं बोलत नसतो तो, पण मागे वळून बघताना गोष्ट जरा नीटनेटकी होते. पहिल्या दिवशी मी त्याच्या घरात ट्रायपॉड उघडत असतो, तेव्हा ऐकू येणारं कारण फारच किरकोळ असतं. कुणाला भाचीला काहीतरी दाखवायचं असतं. कुणाला एका व्हिडिओवाल्याचा राग आलेला असतो. कुणाची नोकरी गेलेली असते आणि घरात बसून बायकोच्या पायात पायात यायला नको म्हणून काहीतरी हवं असतं. 70 मधल्या एकाही माणसाने पहिल्या दिवशी "मला अभिव्यक्त व्हायचंय" असं म्हटलेलं माझ्या कानावर नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण मला हे सगळं कळलं ते तिथे.

ओगलेवाडीच्या एक काकू. मुलगी लग्न होऊन जर्मनीला गेली. तिला कांदा-लसूण मसाला तिथेच करायचा होता, कारण दर वेळी सामानात किलोभर मसाला नेताना विमानतळावर जीव टांगणीला लागायचा. काकू फोनवर सांगायच्या, "कांदा चांगला परत, वास सुटला की गॅस बंद कर." मुलगी दोनदा करपवून बसली. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा ती वैतागून म्हणाली, "आई, वास फोनवरून येत नाही. रंग दाखव." मग पुतण्याने मोबाईलवर ते परतणं शूट केलं. फाईल जड, व्हॉट्सअ‍ॅपवर जाईना. त्याने ती यूट्यूबवर चढवली, फक्त लिंक असेल त्यालाच दिसेल अशी ठेवून. आठवड्याभरात नणंदेच्या मुलीने लिंक मागितली, मग शेजारणीच्या सुनेने. शेवटी पुतण्या म्हणाला, काकू, सगळ्यांनाच दिसू दे की. झालं चॅनेल सुरू. यात प्रेरणा कुठे बसली होती ते तुम्हीच शोधा.

पुढे त्यांना वाटलं, आता 'नीट' व्हिडिओ करू या, आणि मला बोलावलं. मी दोन सॉफ्टबॉक्स, म्हणजे शूटिंगचे मोठे दिवे, घेऊन गेलो. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली. मी सांगितलं, कॅमेऱ्यात बघून म्हणा, नमस्कार मंडळी, आपल्या चॅनेलवर आपलं सहर्ष स्वागत आहे. बाईंचा आवाज असा लागला की रेशन दुकानावरची नोटीस वाचून दाखवतायत! अकरा-बारा टेक झाले. घामाने त्यांची पावडर ओघळली, कढईतलं खोबरं दोनदा काळं पडलं. तेवढ्यात मुलीचाच व्हिडिओ कॉल आला. काकूंनी फोन फडताळाला टेकवून ठेवला आणि हात चालू ठेवून तिच्याशी बोलायला लागल्या. "हे बघ, आत्ता गॅस बारीक कर. अगं आत्ता! बदामी रंग दिसला की थांबायचं, गरम कढईत ते आपलं आपण पुढं होतं." माझा कॅमेरा नशिबाने चालू होता. तोच भाग आम्ही ठेवला. त्यांना ते 'अगं' काढून टाकायचं होतं, मी हट्टाने ठेवायला लावलं. खाली आलेल्या प्रतिक्रियांमध्ये निम्म्या लोकांनी मसाल्याबद्दल काही लिहिलंच नाही. "आमची आई अशीच ओरडायची" एवढंच लिहिलं.

त्यानंतर प्रत्येक शूटला मी लेन्सच्या खाली मुलीचा पासपोर्ट साईझ फोटो चिकटवला. आजही नव्या माणसाला मी पहिला प्रश्न विषयाचा विचारत नाही, कॅमेऱ्याचा तर नाहीच. विचारतो, "हे तुम्ही कुणाला सांगणार आहात? एका माणसाचं नाव सांगा." ज्याच्याकडे नाव असतं त्याचा व्हिडिओ त्या आठवड्यात होतो. ज्याचं उत्तर 'सगळ्यांना' असं येतं, त्याचं सामान कपाटावर जातं. माझ्या बघण्यात याला अपवाद आहेत, पण थोडे.

मोठी उदाहरणं बघितली तरी हाच धागा सापडतो. सलमान खान, नट नव्हे, फुकट ऑनलाइन धडे देणाऱ्या खान अकॅडमीचे. ते अमेरिकेत गुंतवणुकीच्या धंद्यात नोकरी करत होते. 2004 मध्ये नादिया नावाची त्यांची लांबच्या शहरात राहणारी नात्यातली बहीण गणितात अडखळत होती, तिला ते फोनवरून शिकवायला लागले. मग तिची भावंडं, मग नात्यातली आणखी मुलं. सगळ्यांच्या वेळा जुळेनात, म्हणून एका मित्राच्या सांगण्यावरून 2006 मध्ये त्यांनी धडे यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. मुलांनी त्यांना काय सांगितलं ठाऊक आहे? तू समोर असण्यापेक्षा व्हिडिओतच बरा आहेस! व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, आणि तेच पुन्हा विचारताना लाज वाटत नाही. पुढे एवढी मोठी संस्था उभी राहिली, पण सुरुवात एका मुलीच्या गणितापासून झाली.

आपल्याकडचं बघायचं तर नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे 'आपली आजी'. नातू यशने पावभाजी मागितली. आजींना ती येत नव्हती, म्हणून त्याने मोबाईलवर पावभाजीचे व्हिडिओ दाखवले. ते बघून आजी म्हणाल्या, यापेक्षा चांगली मी करून दाखवते. त्यातून नातवाच्या डोक्यात चॅनेल आलं. यात दोन गोष्टी एकत्र आहेत बघा. समोर खाणारा नातू आहे, आणि "हे काय करतायत, मला यापेक्षा बरं येतं" ही खुमखुमीही आहे.

ही खुमखुमी म्हणजे सुरुवातीचं दुसरं मोठं इंधन. तासगावकडचा एक द्राक्षवाला पोरगा माझ्याकडे आला तोच तणतणत. कुणीतरी व्हिडिओत ऑक्टोबरच्या फळछाटणीबद्दल सरसकट सल्ला दिला होता. कोणती काडी, किती डोळे, जमीन कशी, काही न बघता. याच्या चुलत्याने तो ऐकून अर्धा एकर बागेत घोळ घातला. पोरगा म्हणाला, "मला आजच्या आज व्हिडिओ टाकायचाय." टाकलाही. माझ्या आयुष्यात मी शूट केलेला तो सगळ्यात वाईट उजेडातला व्हिडिओ असेल, सूर्य बुडालेला, तोंड दिसत नव्हतं. पण पोरगा काडी हातात धरून एकेक डोळा मोजून दाखवत होता आणि त्याच्या बोलण्यात धग होती. रागाचं एक आहे मात्र. तो सुरुवात फार जोरात करून देतो आणि पाचव्या-सहाव्या व्हिडिओला विझतो. या पोराला पुढे तगवलं ते राग गेल्यावर येऊ लागलेल्या फोनांनी. "दादा, आमच्या बागेत असं झालंय, काय करू?" म्हणजे तोही शेवटी कुणालातरी उत्तर द्यायच्याच जागेवर येऊन थांबला.

तिसरं इंधन आपल्या बरोबरीच्या माणसाचं. लोकांना वाटतं, मोठ्या स्टारला बघून माणूस पेटतो. मला उलटं दिसतं. लाखो सबस्क्राईबरवाल्याचं झकपक काम बघून माणूस हरखतो आणि मग गप्प बसतो, की हे आपलं काम नव्हे. हलतो कधी? शेजारच्या गावातला, आपल्यासारखाच मोबाईल असलेला, आपल्यापेक्षा अडखळत बोलणारा कुणी काहीतरी करून दाखवतो तेव्हा. "ह्याला जमतंय, मग मला का नाही?" यात थोडी असूया असते, ती असू दे. आमच्या बाजूच्या एका गावात एका वर्षात सहा चॅनेल निघाली, कारण पहिल्याने गुरं न बांधता मोकळी ठेवायच्या मुक्त संचार गोठ्याचा व्हिडिओ टाकला आणि त्याला पुण्याहून कुणीतरी भेटायला आलं. ती आलेली गाडी सगळ्या गावाने बघितली होती.

आणि यूट्यूबवरचा पहिलावहिला व्हिडिओ तरी काय होता? 23 एप्रिल 2005 ला टाकलेला, 19 सेकंदांचा. यूट्यूबच्या संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, अमेरिकेत सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभं राहून सांगतो, की यांच्या सोंडा फार लांब आहेत, आणि झालं. नव्या माणसाचा हात फार थरथरायला लागला की मी हा व्हिडिओ लावून दाखवतो.

आता पैसा. हा विषय टाळला तर उत्तर खोटं होईल. निम्मे लोक पैशाचं नाव घेतच येतात. कुणीतरी महिन्याला लाख कमावतो असं ऐकलेलं असतं. त्यांना मी हिशेब सांगतो. जाहिरातीतला वाटा मिळायला लागण्यासाठी 1,000 सबस्क्राईबर हवेत, आणि त्यासोबत मागच्या 12 महिन्यांत 4,000 तासांचा वॉचटाईम (लोकांनी व्हिडिओ बघितल्याचा एकूण वेळ) किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. खात्यावर 10 डॉलर जमले की गूगलकडून पोस्टाने एक पिन येतो, पत्ता खरा आहे का ते बघायला. आणि 100 डॉलर भरल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. खेडेगावात तो पिनचा कागद पोहोचणं हा एक स्वतंत्र अध्याय आहे. पोस्टमनला आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर कुणीतरी जाहिरात समजून फेकून देतं. आमच्या एका भावाने तर तो कागद फ्रेम करून भिंतीला लावलाय, पहिल्या पगाराच्या स्लिपसारखा.

पैशासाठी सुरू केलेली चॅनेल माझ्या यादीत सगळ्यात लवकर बंद पडली आहेत. कारण सरळ आहे. पहिलं वर्षभर पैसा दिसतच नाही, आणि ज्यासाठी आलो तेच दिसत नसेल तर माणूस किती थांबेल? पण मला माझ्याच म्हणण्याला काटशह देणारं एक उदाहरण सांगायला हवं. शिवणक्लास घेणाऱ्या एक ताई आल्या होत्या, पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, "मला घर चालवायला पैसे पाहिजेत, बाकी हौस नाही." मी मनात म्हटलं, ह्या अकराव्या व्हिडिओला थांबणार. त्या थांबल्या नाहीत. त्यांच्याकडे हौस नव्हती, पण क्लासच्या बायका होत्या. कटोरी ब्लाऊजचं कटिंग दर बॅचला कुणाला ना कुणाला चुकायचं, आणि ताईंना नेमकं ठाऊक होतं की चुकतं ते कुठे. जाहिरातीचे पैसे त्यांना तुटपुंजेच मिळतात, पण क्लासला लांबून बायका यायला लागल्या आणि त्यातून घर चाललं. पैसा हे कारण म्हणून हलकं नाही. समोर माणूस नसेल तर मात्र ते एकटं फार लांब नेत नाही, एवढंच माझं म्हणणं.

एक कारण असं आहे की ज्याला व्ह्यूजशी काही देणंघेणं नसतं. निवृत्त झालेले एक गुरुजी, वय 70 च्या पुढे. आईच्या जात्यावरच्या ओव्या त्यांना पाठ होत्या. म्हणाले, "माझ्यामागं ह्या जातील." आम्ही जातं मांडलं, त्यांच्या बहिणीला बसवलं, आणि दोघं भावंडं आठवून आठवून ओव्या म्हणत गेली. मधेच बहिणीला एक ओळ आठवेना, गुरुजींनी सांगितली, ती म्हणाली तशी नाही, आईची वेगळी होती. दहा मिनिटं वाद. तो वाद मी कापला नाही. त्या चॅनेलला आजही शे-दीडशे लोक बघतात. गुरुजींनी मला एकदाही आकडा विचारलेला नाही.

परिस्थितीचंही मान्य करायला हवं, नाहीतर सगळं श्रेय माणसाच्या मनाला दिल्यासारखं होईल. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. त्याआधी आमच्याकडे व्हिडिओ अपलोड करायला सायबर कॅफेत पेन ड्राईव्ह घेऊन जावं लागायचं, आणि तिथे चार लोकांसमोर स्वतःचं तोंड बघत बसायचं. ती लाज संपली. जून 2020 च्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली, आणि माझ्याकडे एकदम वीस-बावीस वर्षांची पोरं यायला लागली. त्यातली बरीच अडखळली. टिकटॉकवर आवाज दुसऱ्याचा असायचा, ओठ आपले. इथे आवाजही आपला लागतो हे कळल्यावर चेहरे पडायचे. आणि लॉकडाऊनमध्ये तर सगळ्यांकडे वेळच वेळ होता. बंद झालेलं दार हेही कित्येकदा सुरुवातीचं कारण असतं. ठाण्याची प्राजक्ता कोळी लहानपणापासून रेडिओ जॉकी व्हायचं म्हणत रेडिओत गेली, तिथला तिचा कार्यक्रम बंद पडला आणि 2015 मध्ये तिने चॅनेल सुरू केलं. माझंही लग्नाचं शूटिंग चालू राहिलं असतं तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

लॉकडाऊनमध्ये मीही एक चॅनेल काढलं होतं. कॅमेऱ्यांची माहिती देणारं. थंबनेल (व्हिडिओच्या दर्शनी भागाचं छोटं चित्र) झकास, साउंड झकास, मागे निळा लाईट. नऊ व्हिडिओ केले आणि दहाव्याला शब्दच सुचेनात. कारण मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी हवेत उत्तरं देत होतो. पुढे मावसभावाने फोन करून विचारलं, "अरे, व्हिडिओत पंख्याचा घुर्र आवाज येतो तो कसा काढू?" त्याला समजावून सांगितलेलं मी रेकॉर्ड करून टाकलं, मोबाईलवरच, बनियनवर. माझ्या सगळ्या व्हिडिओंत आजही तोच सगळ्यात जास्त बघितला जातो. बनियनबद्दल बायको अजून बोलते.

बाकी परिस्थिती प्रत्येकाची वेगळी. घरच्या बायकांना सुरुवात करताना पहिली परवानगी यूट्यूबकडून नाही, सासूबाईंकडून लागते. माझ्याकडची कितीतरी रेसिपी चॅनेल पहिलं वर्षभर फक्त हातांवर चालली, चेहरा दिसलाच नाही, आणि त्यात काही बिघडलं नाही. सरकारी नोकरीत असणाऱ्यांना मी आधी वर्तणूक नियम वाचून, वरिष्ठांना विचारून यायला सांगतो, विशेषतः पैसे मिळणार असतील तर. कुणाचं सगळं गणित पाहुण्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अडतं. अशांना एक साधा उपाय सांगतो : पहिले दहा व्हिडिओ ग्रुपवर टाकूच नका. मेव्हण्याला कळायचं तेव्हा कळेल.

तर दादा, आता तुमच्याकडे येतो. तुम्ही प्रश्न प्रेरणेचा विचारलात, पण तुमच्या लिहिण्यातून मला अडचण दुसरीच दिसते. तुम्ही माईक आणलात, लाईट आणलात. ते आणताना आपण सुरुवात केली असं मनाला वाटलं, आणि तेवढ्यावर ते शांत झालं. हे फार जणांचं होतं, मी त्याला दोष देत नाही. मीही तीन लेन्स अशाच घेतल्या आहेत. त्या सामानाने दुकानात एक पाहुणा आणून बसवला, ज्याचं नाव 'प्रेक्षक'. त्याला तुम्ही ओळखत नाही. त्याच्याशी काय बोलायचं, कुठल्या भाषेत बोलायचं, हसायचं की गंभीर राहायचं, काही कळत नाही. म्हणून त्राण उरत नाही.

आणि त्याच दुकानात दिवसभर तुम्ही न थकता बोलताय! बरं, थकताय, पण बोलताय. तुम्हीच लिहिलंय, तेच तेच सांगून तोंड दुखतं. मला रिवाइंडिंगमधलं फार कळत नाही, पण आमच्या मळ्यातली 5 एचपीची मोटर दोनदा जळाली आहे, तेव्हा मी गिऱ्हाईक म्हणून तुमच्यासारख्याच एका दुकानात उभा होतो. त्या मिस्त्रींनी मोटर उघडली, आत बघितलं आणि न विचारता म्हणाले, "एक फेज गेला होता. प्रिव्हेंटर काढून ठेवलाय ना?" मी गार. प्रिव्हेंटर म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र. त्यांनी बोटाने दाखवलं. काही कॉइल कोळशासारख्या काळ्या, आणि मधल्या काही अगदी नव्यासारख्या तांबूस. म्हणाले, सगळ्याच काळ्या असत्या तर गोष्ट वेगळी, लोड जास्त झाला असता. अशी पट्ट्यापट्ट्यांनी जळाली म्हणजे लाईट दोन फेजवर होती आणि मोटर तशीच गुरगुरत राहिली. मला हे दोन मिनिटांत समजलं, आणि घरी येऊन मी पहिलं काम काय केलं असेल तर भावाने काढून ठेवलेला सिंगल फेज प्रिव्हेंटर परत जोडून घेतला. रात्रीच्या लाईटीला मोटर आपोआप चालू व्हावी म्हणून ऑटो लावायचा आणि प्रिव्हेंटर सारखा ट्रिप होतो म्हणून बाजूला करायचा, हे तुमच्याही भागात घरोघरी चालत असणार.

त्या मिस्त्रींच्या हातांसमोर तेव्हा कुणी मोबाईल धरला असता तर तोच व्हिडिओ होता. नमस्कार मंडळी नाही, स्वागत नाही. समोर माझ्यासारखा खजील चेहऱ्याचा शेतकरी आणि हातात जळालेला स्टेटर, म्हणजे मोटरचा कॉइलवाला भाग.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. विषय शोधू नका, आठवडाभर फक्त मोजा. गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि गिऱ्हाईक जो प्रश्न विचारेल त्यापुढे रेघ मारा. "पुन्हा जळणार नाही ना?" याला किती रेघा, "तांब्याच्या तारेत भेसळ असते का?" याला किती, "सबमर्सिबल की ओपनवेल?" याला किती. शनिवारी वही बघा. सगळ्यात जास्त रेघा ज्याला, तो पहिला व्हिडिओ. आणि तो एकट्याने कॅमेऱ्यासमोर उभं राहून करू नका. ज्या गिऱ्हाइकाने तो प्रश्न सोमवारी विचारला त्यालाच विचारून घ्या, की बाबा, तुझा चेहरा दाखवत नाही, तुझा प्रश्न आणि माझा हात दाखवतो, चालेल का? दहांतले आठ हो म्हणतात. मोबाईल धरायला दोघांतलं एक पोरगं आहेच. त्याला फक्त एवढं सांगा, मोबाईल आडवा धर आणि मी बोट ठेवेन तिथे जवळ ये.

पहिल्या व्हिडिओला चार मिनिटं पुष्कळ झाली. थंबनेलची चिंता करू नका, काळ्या आणि तांबूस कॉइलचा शेजारी शेजारी फोटो यापेक्षा चांगलं थंबनेल मला तरी सुचत नाही. व्ह्यूज पहिले दोन महिने बघू नका. त्याऐवजी एक काम करा. पुढच्या वेळी कुणी तोच प्रश्न विचारला की त्याला लिंक पाठवा आणि तो बघताना त्याच्या तोंडाकडे बघा. कुठे त्याच्या कपाळाला आठी पडली ते लक्षात ठेवा, तिथे पुढचा व्हिडिओ आहे. मी आजही कुणाचं अ‍ॅनॅलिटिक्स, म्हणजे चॅनेलचे आकडे, उघडण्याआधी हेच करतो.

रिंग लाईट कपाटावरच राहू दे. दुकानाच्या दारात सकाळी नऊ ते दहा जो उजेड येतो तो त्याच्यापेक्षा बरा असतो. स्टेटर तिथे ओढून घ्या. कॉलर माईक मात्र काढा, आणि तो लावण्याआधी पंखा, ग्राइंडर आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्याला पाच मिनिटं बंद करायला सांगा. तेवढा चहा त्याला पाजावा लागेल.